थर्माकोलचं नेप्च्युनियम : मायक्रोवेव्ह बेंचवर लपलेली मांडणी शोधण्याच्या नोंदी

३ जुलै

टीवायच्या दोन मुलींना प्रोजेक्टसाठी 'काहीतरी क्वांटम' हवं होतं. मी त्यांना नेप्च्युनियम डायऑक्साइडची गोष्ट सांगितली आणि स्वतःच अडकले.

गोष्ट थोडक्यात अशी. हा स्फटिक थंड करत नेला की २५ केल्विनला त्याच्यात काहीतरी घडतं. १९५३ सालीच उष्णताधारणेच्या आलेखात तिथे टोक दिसलं होतं. चुंबकत्व असेल म्हणून न्यूट्रॉन मारून बघितले, पण त्यात काही सापडेना. अणू जागचे हलत नाहीत, स्फटिक घनाकारच राहतो. २००२ मध्ये ग्रेनोबलच्या सिंक्रोट्रॉनवर (प्रखर क्ष-किरण देणारं मोठं यंत्र) क्ष-किरण नेप्च्युनियमच्या एम-४ कडेवर, म्हणजे ज्या ऊर्जेला तो अणू ते एकदम जास्त शोषतो तिथे, जुळवून मारले, तेव्हा जिथे काहीच नसायला हवं तिथे ठिपके मिळाले. बदलली होती ती ५एफ इलेक्ट्रॉनांच्या ढगाची दिशा. शेजारशेजारचे ढग वेगवेगळ्या कर्णांकडे तोंड करून बसले होते.

पोरी म्हणाल्या, "मॅम, हे आपण करू या."

नेप्च्युनियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य, ठाण्यातल्या पदवी कॉलेजात मिळत नाही. मिळालं तरी आमचे लॅब अटेंडंट मामा ते ठेवू देणार नाहीत, ते ॲसिडच्या बाटल्यासुद्धा मोजून देतात. पण इलेक्ट्रॉनिक्सच्या खोलीत एक एक्स-बँड बेंच धूळ खात पडलं आहे : गन ऑसिलेटर (मायक्रोवेव्ह लहरी तयार करणारा), आयसोलेटर, पिन मॉड्युलेटर, ॲटेन्युएटर, दोन हॉर्न (लहरी पाठवणारे-झेलणारे भोंगे), डिटेक्टर आणि १ किलोहर्ट्झवर जुळवलेला व्हीएसडब्ल्यूआर मीटर (आलेल्या लहरींची ताकद दाखवणारा). १० गिगाहर्ट्झला तरंगलांबी ३० मिमी. अणूऐवजी तांब्याच्या तारेचा तुकडा घ्यायचा. तो तरंगलांबीच्या अर्ध्याहून किंचित कमी लांबीचा असला की स्वतःहून झंकारतो, म्हणजे रेझोनन्सही आला. स्फटिकाऐवजी थर्माकोल, मायक्रोवेव्हला तो जवळपास हवेसारखाच.

आराखडा : २५ मिमी जाडीचे आठ थर. पहिल्या थरात सगळ्या तारा उभ्यापासून ४५ अंश उजवीकडे, दुसऱ्यात ४५ अंश डावीकडे, तिसऱ्यात परत उजवीकडे. तारांच्या जागा सगळीकडे सारख्याच, फक्त दिशा आलटून पालटून. नेप्च्युनियममध्ये दिशा चार असतात. मी दोनच घेतल्या.

५ जुलै

जांभळी नाक्याला थर्माकोल घ्यायला गेले. २०१८ च्या बंदीपासून दुकानदार आधी विचारतो, "मखराला नाही ना?" मी म्हटलं, नेप्च्युनियमला. त्याने एक इंचाची पॅकिंगची शीट दाखवली आणि पुढे काही विचारलं नाही. ८० रुपयांप्रमाणे आठ शीट, ६४० रुपये. घरी मोजली तर जाडी २४ ते २५ मिमी. हातात व्हर्निअर नसताना जाडीची खरेदी करू नये.

तार मोटर वाइंडिंगवाल्याकडून आणली. २६ गेज, इनॅमलची. मला हवी होती पन्नासेक ग्रॅम, तो पाव किलोच्या खाली सुटी देईना. ३१० रुपये.

९ जुलै

पहिली शीट ३०० मिमी व्यासाची गोल कापली. गोलच का, ते पुढे कळेल. तेव्हा मलाही पूर्ण कळलेलं नव्हतं, बशीसारखी फिरवता येईल एवढंच डोक्यात होतं आणि तेच नंतर उपयोगी पडलं. २० मिमीच्या चौकटी छापलेला कागद वर ठेवून खुणा केल्या. एका चकतीवर १७६ तारा बसतात.

तारा चिकटवायला रबर सोल्युशन लावलं. दहा मिनिटांत प्रत्येक तारेखाली खड्डा, तार आत आणि थर्माकोलचा चिकट गूळ. पेट्रोलियमच्या द्रावकातलं गोंद थर्माकोल खातं, हे मला दहावीतल्या मखरापासून माहीत आहे, तरी केलं. एक शीट वाया.

मग पांढरा गोंद. तो पाण्यातला, आणि पावसाळ्यात वाळायला दोन दिवस. ओला असताना मायक्रोवेव्ह पितो, म्हणजे तेवढे दिवस मोजमाप नाही. शेवटी मामांनी रस्ता काढला : कटरने थर्माकोलला नुसती चीर द्यायची आणि तार त्यात अंगठ्याने दाबून बसवायची. गोंदच नको, तार आपोआप धरून राहते. पुढे तारा उपटाव्या लागल्या तेव्हा या युक्तीने आमचे आठवडे वाचवले.

एका चकतीला अडीच तास. अंगठ्याला फोड.

१५ जुलै

फिरता ठोकळा बनवला. मध्ये टेबलावरच्या फिरत्या थाळीचं बेअरिंग, त्यावर प्लायवूड, दोन लाकडी हात. एका हातावर पाठवणारा हॉर्न, दुसऱ्यावर घेणारा. सुतारकाम ऐरोलीत केलं. लाकूड, बेअरिंग, मजुरी मिळून ११५०.

हे दोन हात मी ऐरोलीहून ट्रान्स-हार्बरने आणले. लेडीज डब्यात सकाळी साडेआठला दीड मीटरची फळी उभी धरून. ठाण्याला उतरताना एका बाईंनी विचारलं, "देवघर का?" हो म्हटलं.

बेअरिंगमध्ये जवळपास दोन अंशांचा खेळ निघाला. खाली कंपासपेटीतला कोनमापक मोठा करून छापून चिकटवला होता, पण खेळ असताना अर्ध्या अंशाच्या खुणा म्हणजे नुसती नक्षी. प्लायवूडच्या कडेला वजन बांधून एकाच बाजूला ओढ दिली, तेव्हा खेळ अर्ध्या अंशावर आला.

१८ जुलै

आज गन डायोड जाळला. चूक माझी. चालू करण्याआधी बायसची खुंटी पूर्ण डावीकडे, शून्यावर आणायची असते. मी बोलता बोलता स्विच दाबला. खुंटी आदल्या बॅचने जिथे सोडली होती तिथेच होती. मीटर एकदा उडाला आणि बसला तो बसलाच.

नवा डायोड ३२००, यायला अकरा दिवस. मुलींनी तोवर उरलेल्या तारा कापल्या. हे वाक्य लक्षात ठेवा.

३१ जुलै

डायोड आला. मामांनी बेंचवर पुठ्ठ्याची पाटी टांगली : 'खुंटी शून्य. मग स्विच.'

पहिलं मोजमाप. दोन्ही हॉर्न सरळ, म्हणजे विद्युतक्षेत्र उभं. २५ मिमीचे थर आणि ३० मिमीची तरंग, तेव्हा ब्रॅगच्या नियमाने (थरांमधलं अंतर आणि तरंगलांबी यांवरून परावर्तनाचा कोन सांगणारा) पहिला ठिपका ३६.९ अंशांना यायला हवा. ३८ ला आला. जाडी पाव इंच-अर्धा इंच चुकली असती तरी मी खूश झाले असते, इथे तर मिलिमीटरचाच फरक होता. २४.४ मिमी धरलं की बरोबर जुळतं.

मग दिशांच्या आलटापालटीमुळे दुप्पट झालेल्या आवर्तनाचा ठिपका शोधायचा. तो 'अर्ध्या' जागांवर असतो : एक १७.५ अंशांच्या आसपास, दुसरा ६४ च्या पुढे.

१७.५ हा आकडा बघून मी हसले. युरेनियम-रुथेनियम-सिलिकॉनच्या ज्या स्फटिकातली 'लपलेली मांडणी' १९८५ पासून लोकांना छळते आहे, तिचं तापमान १७.५ केल्विनच. आमच्या अंशांचा तिच्या केल्विनशी काडीचा संबंध नाही, पण मुलींना आकडा पाठ झाला.

तिथे काहीच दिसलं नाही. म्हणजे खूप काही दिसलं, पण सगळं थेट गळतीचं. एवढ्या तिरक्या कोनात एक हॉर्न दुसऱ्याच्या तोंडात बघतो.

२ ऑगस्ट

गळती थांबवायला मध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा उभा केला. पत्र्याने गळती थांबवली आणि स्वतःचं प्रतिबिंब पाठवलं. पत्रा मागे कलता ठेवून परावर्तन छताकडे वळवलं, तेव्हा जरा शांतता.

तरीही काटा हलत होता. सेकंदाला काही वेळा, ठरावीक लयीत. मुली म्हणाल्या मॉड्युलेशन. मी म्हटलं डिटेक्टर. मामा दारात उभे होते. त्यांनी काही न बोलता पंख्याचं बटण बंद केलं. काटा थांबला.

छताचा पंखा, लोखंडी कपाट, खिडकीचे गज, सगळेच आरसे. कपाटं हलवली, बेंच तिरपं केलं. ऑगस्टमध्ये पंखा बंद ठेवून तीन माणसं बंद खोलीत तीन तास : प्रकल्पातला हा खरा खर्च, तो कुठल्याही बिलात नाही.

५ ऑगस्ट

१७.५ सोडून दिलं. कारण नुसती गळती नाही. वळलेला भाग, म्हणजे उभं क्षेत्र पाठवून आडवं परत येतं तो, कोनाच्या साइननुसार बदलतो. १७.५ अंशांना साइन ०.३, तीव्रतेत वर्ग होऊन एक दशांशाहूनही कमी. ६४ अंशांना ०.९. कागदावर दोन ओळींचा हिशोब होता, तो आधी केला असता तर पाच दिवस वाचले असते. आता फक्त वरच्या ठिपक्यावर काम.

घेणारा हॉर्न आडवा करायचा तर वेव्हगाइडचा ९० अंशांचा ट्विस्ट लागतो. आमच्याकडे नाही. हॉर्न आणि डिटेक्टर एकत्र काढून लाकडी ठोकळ्यावर कुशीवर झोपवले आणि उंची पुठ्ठ्यांनी जुळवली.

खऱ्या प्रयोगात हेच काम एक दुसरा स्फटिक करतो. युरेनियमच्या एम-४ कडेला, सुमारे ३.७३ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला, सोन्याच्या स्फटिकातले (१११) दिशेचे थर वापरले तर ब्रॅग कोन जवळपास नेमका ४५ अंश येतो आणि एकाच ध्रुवणाचे, म्हणजे विद्युतक्षेत्राची एकच दिशा असलेले, किरण पुढे जातात. सोन्याचा असा जुळून येणारा आकडा बघितला की आमच्या पुठ्ठ्यांचं वाईट वाटतं.

८ ऑगस्ट

मोठी फजिती, आणि माझ्या मते या नोंदींमधली सगळ्यात कामाची.

रेझोनन्सवर तारा जोरात परावर्तन करतात, म्हणून फ्रिक्वेन्सी १० गिगाहर्ट्झला नीट आणली होती. ठिपके रुंद, बेढब. आम्ही मागचे चार थर काढून बघितले. वाचनात फरक जवळजवळ शून्य! म्हणजे मागच्या चार थरांपर्यंत काही पोचतच नव्हतं. १७६ झंकारत्या तारांची चकती म्हणजे जवळपास पत्राच. पहिला थरच सगळं खातो, दुसरा उरलंसुरलं, आणि आलटापालटी दिसायला थर तर बरेच लागतात.

खऱ्या स्फटिकातही असंच होतं. कडेवर शोषण वाढतं आणि किरण मायक्रोमीटरच्या पातळीवरच अडकतात. त्यामुळे वरचा पृष्ठभाग घासून-पुसून लख्ख नसला तर सगळं गेलं. शिवाय ही ऊर्जा इतकी कमी की काही सेंटीमीटर हवासुद्धा बरेचसे किरण गिळते, म्हणून वाट निर्वात करावी लागते. आमची अडचण त्या मानाने स्वस्तात सुटणारी होती : तारा कमी करायच्या.

पण नियमाने कमी केल्या, एकाआड एक काढल्या, तर चकतीच्या आतच मोठी चौकट तयार होते आणि भलत्याच कोनात नवे ठिपके येतात. मग ल्यूडोचा फासा. प्रत्येक तारेसाठी टाकायचा. एक किंवा दोन पडलं तर तार राहील, नाहीतर चिमट्याने उपटायची. शेवटी प्रत्येक चकतीवर मोजून ६० ठेवल्या. एका मुलीने फासा टाकायचा, दुसरीने उपटायचं, मी वहीत रेघ मारायची. दोन दुपारी.

उपटलेल्या साधारण साडेनऊशे तारा श्रीखंडाच्या डब्यात आहेत.

११ ऑगस्ट

सापडला! हॉर्न आडवा, ६७ अंश, काटा उठला. (६४ ऐवजी ६७ का? तीच २४.४ मिमीची जाडी.) सरळ हॉर्नमधल्या मुख्य ठिपक्याला शून्य डेसिबल धरलं तर हा उणे ७. मुलींनी लगेच फोटो काढले, गटात टाकले.

मी हॉर्न परत सरळ केला, केवळ तपासायला. ४५ अंशांच्या तारांसाठी सरळ हॉर्नमध्ये या जागी काहीही यायला नको. उणे ११.

बर्फाळ शांतता वगैरे नाही, पंखा बंद होता, घाम येत होता.

सरळ हॉर्नमध्ये ठिपका याचा अर्थ आवर्तन दुसऱ्याच कशाने दुप्पट झालंय. आणि ते जर सरळमध्ये आहे, तर आडव्यातल्या उणे ७ पैकी कितीवर विश्वास ठेवायचा?

१४ ऑगस्ट

संशयित तीन.

एक, तारा नेमक्या ४५ वर नाहीत. तीन अंशांची चूक असेल तर सुमारे शंभरात एक इतकी तीव्रता गळते, म्हणजे उणे २०. उणे ११ ला ते पुरत नाही.

दोन, दुप्पट फ्रिक्वेन्सीची भेसळ. गन ऑसिलेटर थोडंसं २० गिगाहर्ट्झही काढत असेल, तर त्या निम्म्या तरंगलांबीचा तिसरा ठिपका नेमका याच कोनात पडतो. सिंक्रोट्रॉनवरही हीच डोकेदुखी असते. तिथे किरण आरशांवर घसरवून वरची ऊर्जा गाळतात.

तीन, दोन प्रकारच्या चकत्यांमध्येच काहीतरी वेगळं आहे.

इथे गोल चकत्यांनी हात दिला. डाव्या तारांच्या चकत्या ९० अंश फिरवल्या की त्या उजव्या होतात. चारही फिरवल्या. आता आठही थर एकसारखे, आलटापालटी संपली, ठिपका मरायला हवा. नाही मेला. सरळ हॉर्नमध्येही होता, आडव्यातही.

मग सगळ्यात पुढे फक्त उजव्या चकत्या ठेवून बघितल्या, चारच, मध्ये कोऱ्या चकत्या न घालता. ठिपका नाही. म्हणजे दुप्पट फ्रिक्वेन्सी निर्दोष, ती असती तर इथेही दिसली असती. उरला तिसरा.

"तारा कुणी कापल्या?" मी विचारलं.

उजव्या मी कापल्या होत्या, पट्टीवर ठेवून, जुलैच्या सुरुवातीला. डाव्या मुलींनी, डायोडची वाट बघत, वेगळ्या कटरने. प्रत्येकी वीस उपटून व्हर्निअरवर मोजल्या. त्यांच्या सरासरी १४.० मिमी. माझ्या १४.६.

०.६ मिमी म्हणजे चार टक्के. रेझोनन्सपासून दूर असतो तर कुणाला कळलंही नसतं. पण रेझोनन्सवर तेवढ्यात ताकदही बदलते आणि कलाही (फेज). आमच्या 'स्फटिकात' दोन वेगळी मूलद्रव्यं होती.

मुली काही बोलल्या नाहीत. चेहरे बोलत होते.

१७ ऑगस्ट

वागळे इस्टेटमधल्या टर्नरकडून ॲल्युमिनियमचा ठोकळा करून घेतला : १४.० मिमी खोल भोक, तळ सपाट. तार आत घालायची, तळाला टेकली की वर पृष्ठभागाशी कापायची, टोकाचा चिमटलेला भाग कानशीने एकदा घासायचा. २५० रुपये. हे पहिल्या दिवशी केलं असतं तर ऑगस्ट मोकळा गेला असता.

सगळ्या ४८० तारा नव्याने कापल्या आणि जुन्या चिरांत बसवल्या. शीट नवीन लागली नाही, फक्त अंगठे नवीन हवे होते.

२१ ऑगस्ट

सरळ हॉर्न, ६७ अंश, तारा ४५ वर : उणे २२. उरलेलं बहुतेक माझ्या चिरांच्या तिरकेपणाचं.
आडवा हॉर्न : उणे ७, जागच्या जागी.

चकत्या परत एकसारख्या फिरवल्या. आडव्यात उणे २३. मेला.

आता सगळ्यात आवडतं काम. पूर्ण गठ्ठा स्वतःच्या अक्षाभोवती १५-१५ अंशांनी फिरवायचा आणि आडव्या हॉर्नचं वाचन घ्यायचं. तारा ४५ वर असताना उणे ७. ३० वर उणे ८.५. १५ वर उणे १३.५. तारा उभ्या-आडव्या झाल्या की उणे २३, म्हणजे काही नाही. पुढे परत चढ. पूर्ण फेरीत चार डोंगर, चार दऱ्या. कागदावरचं गणित ४५ पासून १५ पर्यंत ६ डेसिबलची घसरण सांगतं, आमची साडेसहा.

त्यात नेरुळहून येणारी मुलगी म्हणाली, "मॅम, पण तारा उभ्या-आडव्या असताना सरळ हॉर्नमध्ये दिसायला हवा ना? एका थराच्या तारा झंकारतील, दुसऱ्याच्या नाहीत." मी आठवडाभर 'सरळमध्ये दिसला की खोटा' असं घोकत होते. हॉर्न सरळ केला. उणे ६. तिचं बरोबर. सरळ की आडवा एवढ्यावर खरं-खोटं ठरत नाही, गठ्ठा फिरवल्यावर तो कसा चढतो-उतरतो त्यावरून ठरतं. नमुना फिरवत ठेवण्यात ती प्रयोगशाळावाली माणसं इतके तास का घालवतात, ते मला वाचून नाही, त्या वाक्याने कळलं.

२६ ऑगस्ट

फ्रिक्वेन्सी बदलून रेझोनन्सचा आलेख. गन ऑसिलेटरचा मायक्रोमीटर फिरवत ९.५ ते ११. सुंदर टोकदार शिखर आलं, १० ला. फारच टोकदार. तारेचा रेझोनन्स इतका अरुंद नसतो.

मी कोन तोच ठेवला होता. तरंगलांबी बदलली की ब्रॅगचा कोन सरकतो. आम्ही रेझोनन्स नव्हे, ठिपक्यावरून घसरत जाणं मोजत होतो. खऱ्या प्रयोगात कडेभोवती काही इलेक्ट्रॉनव्होल्टच फिरायचं असतं, ३७३० मध्ये पाच-दहा, त्यामुळे कोन जेमतेम हलतो, आणि तोही यंत्र आपोआप जुळवतं. आमच्याकडे दहा टक्के फरक आणि जुळवणारे मामा.

कोनांचा तक्ता केला. २४.४ मिमीला ९.५ गिगाहर्ट्झवर ७६, १०.५ वर ६१, ११ वर ५७ अंश. प्रत्येक पायरीला हात सरकवायचा, मग वाचन. शिवाय ऑसिलेटरची ताकद स्वतःच फ्रिक्वेन्सीनुसार बदलते, म्हणून दर वेळी चकत्यांच्या जागी सपाट पत्रा ठेवून तेही वाचन घेतलं आणि वजा केलं.

आता शिखर बुटकं, रुंद, १०.१ च्या आसपास. दिसायला पहिल्यापेक्षा वाईट आणि खरं.

दुपारी मीटर अचानक पाच डेसिबल खाली. पाऊण तास हॉर्न, पुठ्ठे, बेअरिंग सगळं तपासलं. मॉड्युलेशन १ किलोहर्ट्झवरून सरकलं होतं. दर तासाला तेवढी खुंटी बघायची, पाटीवर मामांनी दुसरी ओळ लिहिली.

२९ ऑगस्ट

ताळा : दोन चकत्यांच्या जोड्यांत ११ मिमीच्या तारा बसवून बघितल्या. जागा त्याच, दिशा त्याच, पण १० गिगाहर्ट्झला झंकारत नाहीत. आडव्यातला ठिपका जवळपास गायब. १९८९ मध्ये युरेनियम आर्सेनाइडवर एम-४ कडेला चुंबकीय ठिपका कित्येक लाखपट वाढलेला पहिल्यांदा दिसला, त्यानंतर ॲक्टिनाइडवाल्यांची (युरेनियम, नेप्च्युनियमसारख्या मूलद्रव्यांवर काम करणाऱ्यांची) अख्खी पिढी या कडेभोवती का बसली, ते अशा दोन तारांच्या लांबीत दाखवता येतं.

खर्च : थर्माकोल ६४० आणि वाया गेलेल्या शीटचे ८०, तार ३१०, सुतारकाम ११५०, टर्नर २५०, डायोड ३२००. एकूण ५६३०. डायोड माझ्या खिशातून, खुंटी मी विसरले होते. वेळ : तिघींचे मिळून साधारण १३० तास, त्यातले निम्मे चुकांचे. बेंच आधीच होतं, ते नसेल तर या हिशोबाला अर्थ नाही. आणि बेंच चालू असताना उघड्या वेव्हगाइडमध्ये डोळा लावून बघू नये, ताकद थोडी असली तरी.

करणाऱ्यांसाठी एवढंच : तारा एका दिवशी, एकाच ठोकळ्यावर, एकाच माणसाने कापा. चकत्या गोल ठेवा. आणि पहिल्या दिवशीच एकसारख्या फिरवलेल्या गठ्ठ्यावर वाचन घ्या, ठिपका मिळायच्या आधी.

३ सप्टेंबर

गणपतीच्या सुट्टीआधी विभागात प्रदर्शन. प्राचार्य आले, त्यांनी चकती हातात घेऊन विचारलं, "यात नेप्च्युनियम किती?" मुलगी म्हणाली, "शून्य, सर." ते जरा नाराज झाले.

पुढचं काम : चार दिशा. तारा चकतीच्या पातळीत झोपवून ते होणार नाही, त्या कर्णाच्या कोनात तिरप्या खोचाव्या लागतील, म्हणजे चीर नाही, भोक. टर्नरकडे ५४.७ अंशांच्या तिरप्या भोकाचा ठोकळा सांगून आले आहे. तो म्हणाला, पंचावन्न करून देतो. मी वाद घातला नाही, त्याच्या यंत्राचा खेळ आमच्या बेअरिंगपेक्षा नक्की कमी आहे. श्रीखंडाच्या डब्यातल्या साडेनऊशे तारा मामांनी लांबीनुसार दोन डब्यांत निवडून ठेवल्या आहेत, १४.६ च्या डब्यावर माझं नाव लिहिलंय.